परराष्ट्र सेवेतल्या नव्या अधिकाऱ्यांना बडोद्याहून एक खुले पत्र

प्रिय अधिकारी मित्रांनो,

सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याचा मराठी माणूस. आमचे घराणे चार पिढ्यांपूर्वी गायकवाडांच्या चाकरीसाठी साताऱ्याकडून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, बाजारात गुजराती. एकतीस वर्षे शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले, आता निवृत्त आहे.

हे पत्र मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. मंत्री बदलतात, सरकारे बदलतात, पण न्यूयॉर्क, जिनिव्हा आणि हेगच्या सभागृहांत 'भारत' अशी पाटी असलेल्या टेबलाशी पुढची तीस-पस्तीस वर्षे तुम्हीच बसणार आहात. तुमची कारकीर्द संपेल तोवर आपला देश जगातल्या दोन-तीन बलाढ्य देशांत मोजला जाईल, असे सगळेच म्हणतात, आणि मलाही तसे वाटते. बळ आल्यावर त्या टेबलाशी कसे बसायचे, याबद्दल मला तुमच्याशी बोलायचे आहे. हा विषय माझ्या मनात आला तो आमच्याच गावच्या एका खटल्यामुळे, म्हणून आधी तो सांगतो.

नोव्हेंबर १८७४. बडोद्याचे इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात संखिया म्हणजे सोमल हे विष आणि हिऱ्याची पूड मिसळली गेली, असा आरोप झाला. संशय थेट महाराज मल्हारराव गायकवाडांवर गेला. जानेवारीत महाराजांना अटक झाली आणि फेब्रुवारीत इंग्रज सरकारने नेमलेल्या सहा जणांच्या कमिशनपुढे चौकशी सुरू झाली. अध्यक्ष कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच, त्यांच्या जोडीला आणखी दोन इंग्रज अधिकारी. हिंदी सदस्य तीन: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे. महाराजांची बाजू मांडायला लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हा त्या काळचा नामांकित बॅरिस्टर बोटीने आला. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या. तिन्ही इंग्रजांनी महाराजांना दोषी ठरवले. तिन्ही हिंदी सदस्यांना आरोप शाबीत झालेला दिसला नाही. तीन विरुद्ध तीन.

एप्रिल १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हाररावांना गादीवरून काढले आणि मद्रासला नेऊन ठेवले. जाहीरनाम्यात विषप्रयोगावर भर नव्हता. गैरकारभार हे कारण दिले होते. ज्या आरोपाची चौकशी झाली त्यावर कमिशन दुभंगले, आणि ज्या कारणाने गादी गेली ते कमिशनपुढे आलेच नव्हते.

मल्हारराव चांगले राज्यकर्ते नव्हते, हे मी वर्गातही लपवत नसे. दादाभाई नौरोजींसारखा माणूस दिवाण म्हणून आला आणि दरबारची अनागोंदी एकीकडे, रेसिडेंटचा विरोध दुसरीकडे, अशा कात्रीत सापडून थोड्याच काळात राजीनामा देऊन गेला. पुढे त्याच गादीवर कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक आला आणि त्याचे सयाजीराव महाराज झाले. बडोद्याचे भलेच झाले. म्हणून कित्येक जण म्हणतात, झाले ते बरेच झाले.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने मला विचारले, "सर, तीन-तीन झाले म्हणजे आरोप शाबीत झाला नाही ना?" मी म्हटले, नाही झाला. "मग काढायचेच होते तर कमिशन नेमले कशाला?"

मी काहीतरी उत्तर दिले. इंग्रजांना जगाला न्याय दाखवायचा होता, असे काहीसे. घरी येऊन मात्र मी अस्वस्थ होतो. बळी तो कान पिळी, ही म्हण आपल्याकडे जुनीच आहे. त्या मुलीचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. बलवानाला नुसते कान पिळायचे नसतात, पिळताना समोर न्यायाधीश बसलेलाही हवा असतो. आणि न्यायाधीश मनासारखे बोलला नाही की बलवान त्याच्याकडे पाठ फिरवतो. जगाच्या संस्थांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास वाचताना मला पानोपानी बडोद्याचे कमिशन दिसते.

१९८४ साली निकाराग्वा हा चिमुकला देश अमेरिकेविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. त्याच्या बंदरांत अमेरिकेने सुरुंग पेरले होते आणि त्याच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना पैसा आणि शस्त्रे पुरवली होती. आपला अधिकार चालतो असे न्यायालयाने म्हणताच अमेरिकेने खटल्यातून अंग काढून घेतले. २७ जून १९८६ ला निकाल अमेरिकेच्या विरोधात लागला. त्या दिवशी न्यायालयाच्या अध्यक्षपदी एक भारतीय होते, डुंगरपूरच्या राजघराण्यातले डॉ. नागेंद्र सिंह. निकालाची अंमलबजावणी व्हावी म्हणून निकाराग्वा सुरक्षा परिषदेत गेला तेव्हा अमेरिकेने नकाराधिकार वापरला. आणि हाच तो देश, ज्याने त्याच्या चाळीस वर्षे आधी सॅन फ्रान्सिस्कोत सगळ्या जगाला बोलावून संयुक्त राष्ट्रांची सनद लिहायला बसवले होते.

चीनचे उदाहरण तर तुमच्या पिढीने पाहिले आहे. जुलै २०१६ मध्ये दक्षिण चिनी समुद्राच्या वादात लवाद न्यायाधिकरणाने फिलिपिन्सच्या बाजूने निकाल दिला. आम्ही तो मानत नाही, असे सांगून चीन मोकळा झाला.

मग येण्या-जाण्याचा प्रकार. युनेस्कोतून अमेरिका १९८४ अखेर बाहेर पडली, २००३ मध्ये परतली, २०१८ अखेर पुन्हा बाहेर, २०२३ मध्ये पुन्हा आत, आणि २०२५ मध्ये परत निघण्याची घोषणा. जागतिक आरोग्य संघटना सोडण्याचा आदेशही जानेवारी २०२५ मध्ये निघाला. माझ्या वयाच्या प्रत्येकाच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण आहे. देवीचा रोगी दाखवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस, अशा पाट्या आम्ही तरुणपणी वाचल्या आहेत. तो रोग पृथ्वीवरून गेला, १९८० मध्ये तशी घोषणा झाली, आणि ते काम याच संघटनेच्या छत्राखाली, ऐन शीतयुद्धात, अमेरिका आणि सोव्हिएत रशिया या दोघांच्या मदतीने झाले. दोन हाडवैरी एका कामाला लागले, कारण त्यांना एकत्र बसवणारे घर शिल्लक होते. त्या घरात दोष नाहीत असे नाही. पण घरात राहून भांडणारा आणि दार आपटून जाणारा यांत फरक आहे. जाणारा गेल्यावर त्याच्या खुर्चीवर दुसरा बसतो आणि पुढचे नियम तो लिहितो.

हे सगळे दुसऱ्यांचे झाले. आता आपले.

आपण एकदा असे वागलो आहोत की मला त्याचा मनापासून अभिमान आहे. वर्तमानपत्रांनी त्या दिवशी त्याची फारशी दखल घेतली नव्हती. बंगालच्या उपसागरात भारत आणि बांगलादेश यांच्यात समुद्राच्या हद्दीचा वाद होता. जुलै २०१४ मध्ये हेगच्या न्यायाधिकरणाने वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला दिले. म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त. आपले आरमार बांगलादेशाच्या आरमाराच्या कितीतरी पट मोठे. न मानण्याला कोणी अडवणारे नव्हते. दिल्लीने निकाल मानला. पुढच्याच वर्षी दोन्ही देशांच्या जमिनीवरच्या हद्दीचा, छिटमहालांचा (एका देशाच्या भूमीत अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांचा), दशके रेंगाळलेला प्रश्नही सुटला. आणि फिलिपिन्सच्या बाबतीत निकालाचा मान राखा, असे आपण २०२३ मध्ये उघडपणे म्हणू शकलो, ते २०१४ चे हे पान आपल्या वहीत होते म्हणूनच. ज्याने स्वतः निकाल फेकून दिला आहे त्याच्या तोंडी हे वाक्य शोभले नसते.

दुसरी आठवण कुलभूषण जाधवांची. आपल्या महाराष्ट्राच्या या माणसाला पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये फाशी सुनावली. भारत हेगला गेला. महिन्याभरात न्यायालयाने फाशी थांबवण्याचा आदेश दिला आणि १७ जुलै २०१९ ला पंधरा विरुद्ध एक अशा मताने पाकिस्तानने परक्या कैद्याला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधू देण्याच्या व्हिएन्ना कराराचा भंग केल्याचे सांगितले. त्या न्यायालयाकडे ना फौज, ना शिपाई. जाधव अजून तुरुंगात आहेत, पण जिवंत आहेत. ज्या दिवशी आपला माणूस परक्या कोठडीत अडकतो त्या दिवशी आपल्याला त्या न्यायालयाची किंमत कळते. ती किंमत उरलेल्या दिवशी आपणच राखायची असते.

आणि जिथे आपण चुकलो असे मला वाटते तेही लिहितो. तुम्ही आपलेच आहात, तुमच्यापासून काय लपवायचे? ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी आपल्या साखरेच्या अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली होती. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्या विरोधात गेला. आपण अपील केले. पण अपील ऐकणारे मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद आहे, कारण अमेरिका त्यावर नव्या सदस्यांच्या नेमणुका होऊ देत नाही. ऐकायला कोणी नाही, म्हणून अपील पडून राहते, आणि अपील पडून आहे म्हणून निकाल लागू होत नाही. नियमात बसते, हे खरे. माझे आतेभाऊ कोल्हापूरकडे ऊस लावतात. उसाला रास्त भाव हा त्यांच्या घरच्या चुलीचा प्रश्न आहे, आणि आपल्या शेतकऱ्याची बाजू त्या संघटनेत नीट ऐकली जात नाही असे मलाही वाटते. पण बाजू खरी असेल तर ती ऐकणाऱ्यापुढे मांडावी. युरोपीय संघ, चीन आणि इतर बऱ्याच देशांनी तात्पुरती अपिलाची पर्यायी व्यवस्था उभी केली आहे. तीत भारत नाही. हा निर्णय पुन्हा तपासावा, अशी माझी तुम्हाला विनंती आहे. अमेरिकेने दार बंद केले म्हणून आपण रागावतो, आणि त्याच बंद दाराच्या आडोशाला उभे राहतो, हे मला बरे वाटत नाही.

याहून अवघड गोष्ट सिंधूची. १९६० चा करार आपण एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हत्याकांडानंतर, स्थगित ठेवला. मेलेल्या २६ जणांत महाराष्ट्राची माणसे होती, गुजरातची होती. त्या आठवड्यात आमच्या दांडिया बाजारात लोक दबक्या आवाजात बोलत होते. तो संताप माझाही आहे आणि त्याबद्दल मला कोणाचा उपदेश ऐकायचा नाही. या करारावरून बसलेल्या लवाद न्यायालयाची रचनाच कराराला धरून नाही, असे आपले म्हणणे आहे आणि ते पहलगामच्या आधीपासूनचे आहे. मग ते म्हणणे कलमानिशी, तारखांनिशी, जगाला समजेल अशा भाषेत पुन्हा पुन्हा मांडा. 'आम्ही मानत नाही' एवढ्यावर थांबू नका. हेच तीन शब्द बीजिंगने २०१६ मध्ये उच्चारले होते, आणि ब्रह्मपुत्रेच्या वरच्या अंगाला आज मोठे धरण बांधतो आहे तो चीनच. तिथे आपण खालच्या अंगाला आहोत. नदीच्या खालच्या अंगाला राहणे म्हणजे काय, हे गुजरातच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. नर्मदा आमच्याकडे मध्य प्रदेशातून येते. १९७९ च्या लवादाने २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला अर्धा आणि महाराष्ट्राला पाव असा वाटा ठरवून दिला. त्या निवाड्याने विस्थापितांचे जे झाले ते दुःख वेगळे आणि मोठे आहे. पण पाण्याचा वाटा आजही त्या कागदावर चालतो.

आता सुरक्षा परिषदेबद्दल. कायमची जागा आपल्याला मिळायला हवी, यात मला शंका नाही. आठ वेळा आपण तिथे तात्पुरते सदस्य होतो. शांतिसेनेत आपले दोन लाखांहून अधिक जवान जाऊन आले, आणि तिथे प्राण देणाऱ्यांत भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे. १९४५ च्या विजेत्यांनी आखलेली बैठक २१ व्या शतकात तशीच ठेवणे अन्यायाचे आहे. आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि एकालाही कायमची जागा नाही. दिल्लीत सप्टेंबर २०२३ मध्ये आफ्रिकी संघाला जी-२० मध्ये आपण आत घेतले, ते योग्यच केले.

पण जागा मिळेल तेव्हा नकाराधिकाराचे काय? माझे मत स्पष्ट आहे. तो मागू नका, आणि पदरात पडलाच तर स्वतःच्या वादात कधीही वापरू नका, आणि हे आधीच, लेखी, जाहीर करा. गावच्या पंचायतीतसुद्धा स्वतःच्या बांधाचा वाद निघाला की पंच उठून बाजूला बसतो. तुमचे वरिष्ठ म्हणतील, मास्तर, राजकारण असे चालत नाही. त्यांना लिश्टेनश्टाइनची गोष्ट सांगा. त्या देशाची लोकवस्ती चाळीस हजारांच्या आसपास. आमच्या एकट्या मांजलपुरात त्याहून जास्त माणसे राहतात. एप्रिल २०२२ मध्ये त्या देशाने पुढाकार घेऊन महासभेत ठराव करून घेतला: यापुढे कोणीही नकाराधिकार वापरला की दहा कामकाजी दिवसांत महासभेत त्यावर चर्चा व्हायलाच हवी. मतदानाचीही गरज पडली नाही. नकाराधिकार गेला नाही, पण तो वापरणाऱ्या देशाच्या कृतीवर आता सगळ्या जगासमोर बोलले जाते. एवढासा देश हे करू शकतो.

एक छोटी गोष्ट, कारण तुमच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला आधी अशीच कामे येणार आहेत. अन्नाच्या दर्जाचे जागतिक निकष कोडेक्स नावाची यंत्रणा ठरवते. तिची मसाल्यांची समिती भारत चालवतो. २०१७ मध्ये मिरी आणि जिऱ्याचे पहिले जागतिक निकष मंजूर झाले. ओलावा किती चालेल, काडीकचरा किती चालेल, असल्या बाबी. जिऱ्याची मोठी बाजारपेठ आहे ऊंझा, मेहसाणा जिल्ह्यातली, म्हणजे एके काळच्या बडोदे संस्थानातली. तिथल्या व्यापाऱ्याचे पोते परदेशी बंदरातून परत येणार की नाही, हे अशा रुक्ष बैठकांत ठरते. तिथे झोपू नका. तिथे तयारीने जा, आणि आपल्या जिऱ्यासाठी भांडताना इराणच्या, सीरियाच्या शेतकऱ्याचेही ऐकून घ्या.

आपण कोणतेही बळ नसताना त्या टेबलाशी काय केले होते, तेही बडोद्याच्याच माणसांच्या आधारे सांगतो. २६ जून १९४५ ला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर भारतातर्फे दोघांनी सह्या केल्या. त्यांतले एक व्ही. टी. कृष्णम्माचारी, १९२७ ते १९४४ असे सतरा वर्षे बडोद्याचे दिवाण. देश तेव्हा स्वतंत्रही नव्हता. आणि दोन-तीन वर्षांनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला जात होता तेव्हा हंसाबेन मेहता तिथे होत्या: बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहतांच्या कन्या, पुढे आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. मसुद्याच्या पहिल्या कलमात सगळे 'पुरुष' जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, अशा अर्थाचा इंग्रजी शब्द होता. अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांना वाटे, त्या शब्दात बायका आल्याच. हंसाबेन म्हणाल्या, उद्या कोणी याचा आधार घेऊन बायकांना वगळील. त्या अडून राहिल्या. १० डिसेंबर १९४८ ला जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा तिथे 'सर्व मानव' असे शब्द होते.

फाळणीने रक्तबंबाळ झालेला, धान्यासाठी हात पसरावा लागणारा देश होता तो. बळाच्या जोरावर एक अक्षरही बदलता आले नसते. युक्तिवाद ऐकून घेणारे टेबल होते, म्हणून जगाचा शब्द बदलला. उद्या तुम्ही बलवान देशाचे प्रतिनिधी म्हणून बसाल आणि समोर एखाद्या बेटाची, एखाद्या गरीब देशाची हंसाबेन उभी राहून आपल्याविरुद्ध बोलू लागेल, तेव्हा तिचे पुरते ऐकून घ्या. मतदानात ती जिंकली तर जिंकू द्या.

एक मागणी आहे. तुमच्या प्रशिक्षणात १८७५ च्या बडोदे कमिशनसाठी एखादी दुपार ठेवा. अर्ध्या वर्गाने इंग्रज सदस्यांच्या जागी बसावे, अर्ध्याने शिंदे, रामसिंह आणि दिनकररावांच्या. तीन विरुद्ध तीन झाल्यावर व्हाइसरॉयने काय करायला हवे होते, हे प्रत्येकाने लिहून काढावे. बडोद्याला आलात तर विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात आणि सयाजीबागेतल्या, डॉ. आंबेडकरांनी संकल्प केला त्या संकल्पभूमीवर मी तुम्हाला स्वतः घेऊन जाईन. आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलीच्या प्रश्नाचे माझ्यापेक्षा बरे उत्तर तुमच्यापैकी कोणाला सापडले, तर ते मला अवश्य कळवा. ती आता स्वतः शिक्षिका आहे. मी ते तिच्यापर्यंत पोहोचवीन.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
दांडिया बाजार, बडोदे